मागे राहिले तर

३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नमस्कार. महिनाभर पत्र नाही म्हणून तू चिडली असशील, पण कारण ऐकलंस की राग जाईल. आई रानात चालली आहे! वैतागून नव्हे. आमच्या योगकेंद्राचं डिसेंबरमध्ये पाच दिवसांचं शिबिर आहे, जंगलात. पहाटे आसनं, मग दिवसभर डोंगरातून चालणं, रात्री तंबू. त्याची सगळी आखणी केंद्र चालवणाऱ्या ताईंनी माझ्यावर सोपवली आहे. मला इथे लागून चारच महिने झालेत, तरी.

पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, ज्यांना परवडतं ते लोक कुठेही जातात. ज्यांची पाठ खरंच मोडलीय त्यांना नेऊ या. ताई म्हणाल्या, "उदाहरणार्थ?" मी म्हटलं, "उदाहरणार्थ माझी आई." सगळे हसले, पण ताई हसल्या नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे बारा जागा मोफत केल्या. म्हणजे आईची शिवणकारखान्यातली अख्खी ओळ! बारा यंत्रं, बारा बायका. तुला माहीत आहेच, त्या एकमेकींना यंत्राच्या नंबरानंच हाका मारतात. आई चार नंबर. सात नंबरवालीनं आजवर डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. ती मला म्हणाली, "तिथे वर गेल्यावर करायचं काय असतं गं?"

शिबिराचं मुख्य म्हणजे मौन. उजाडल्यापासून सूर्य मावळेपर्यंत एक शब्द नाही. एका ओळीत, वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून चालायचं. आणि एकानं मौन मोडलं तर सगळ्यांचं मोडलं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिला दिवस धरायचा. कडक वाटतं ना? पण विचार कर, या बायका दिवसभर खडखडाटात एकमेकींच्या कानात ओरडत असतात. त्यांना पाच दिवस कुणी काही बोलणार नाही, काही मागणार नाही. मला तर विचारानंच भरून येतं.

आईनं घरी सराव सुरू केलाय. काल जेवताना तिनं मीठ हातानं खुणावून मागितलं, तर बाबांना वाटलं तिचा दात दुखतोय.

तुझी,
पदवीधर

---

९ ऑक्टोबर

पदवीधरबाईंना आत्याचा आशीर्वाद.

कागदाकडे बघून नाक मुरडू नकोस. वॉर्डात आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं, तापाच्या तक्त्यांचे गठ्ठे रद्दीत निघाले. मागची बाजू कोरी आहे, ती मी पत्रांना वापरते.

तुझ्या ताईंचं कौतुक वाचलं. चार महिन्यांच्या पोरीवर कुणी जंगलाची जबाबदारी टाकतं का? एक तर तू फार हुशार असशील, नाहीतर उद्या काही झालं तर दाखवायला एक नाव हवं असेल. तू हुशार आहेस हे मी जाणते. म्हणून दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते.

मला इतकं कळव. वाटाड्या कोण आहे? ओळीत सगळ्यात मागे कोण चालणार? माणसं दिवसातून किती वेळा मोजणार, आणि मोजणारा बोलू शकणार का? ओढ्यापाशी सपाट काळा दगड आहे, त्याच्या पुढे वाट दोन होते, तिथे कोण उभं राहणार? बायकांकडून कुठला कागद सही करून घेतलाय? तो शब्दाला शब्द उतरवून पाठव.

आणि मागच्या वर्षीची यादी मागून बघ. देतात का ते बघ.

माझी सवय तुला माहीत आहे. मला सगळीकडे पाणी मुरताना दिसतं. पण तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर एक कळतं, पाणी बहुतेक वेळा मुरतच असतं.

वहिनीचा गुडघा कसा आहे?

आत्या

---

१४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र म्हणजे पोलिसांची चौकशी! तरी क्रमानं उत्तरं देते.

वाटाड्या या वर्षी नवा आहे, एका व्यायामशाळेचा ट्रेनर. आधीचे जंगलखात्यातून निवृत्त झालेले एक काका होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणतात. त्यांचं ताईंशी पटलं नाही. परवा ते ऑफिसात आले होते. मी दोऱ्या आणि पाण्याचे डबे मोजत होते. मला म्हणाले, "सामानाच्या यादीत शिट्ट्या आहेत का?" मी म्हटलं, "नाही. मौन शिबिर आहे ना." त्यावर म्हणाले, "अजून आहे का ते?" आणि ताईंच्या बंद दाराकडे बघून निघून गेले. मला तर ते थोडे खुनशी वाटले. काम गेलं की माणूस कडवट होतो.

मागे नवा ट्रेनर चालणार की पुढे, हे ठरायचं आहे. मोजणी सकाळी आणि संध्याकाळी. कागद साधाच आहे. आपल्या जबाबदारीवर येते, आजार लपवला नाही वगैरे. शेवटचं वाक्य असं: "वाटेत मी मागे राहिले तर ते माझ्या इच्छेनं, साधनेसाठी, असं समजावं." मलाही ते आधी खटकलं. ताईंना विचारलं, तर त्यांनी मला मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली, आणि मग मला काही विचारायचं राहिलं नाही.

तुलाही सांगते. मागच्या वर्षी शिबिरात एक साधी कामकरी बाई आली होती. तिसऱ्या दिवशी ती ओळीतून मागे राहिली आणि ओढ्याकाठी बसली. एकटी, नऊ तास. लोक वरच्या वाटेनं गेले तरी हाक नाही, हालचाल नाही. संध्याकाळी सापडली तेव्हा तशीच शांत बसलेली. ताई म्हणाल्या, "वीस वर्षं मी शिकवते, पण मौन म्हणजे काय ते मला त्या बाईनं शिकवलं." सांगताना त्यांचे डोळे भरले होते.

आत्या, मी ही गोष्ट पत्रकात घातली. मीच लिहिली, रात्रभर शब्द बदलत. तीनशे प्रती छापून आल्यात. आईनं एक उशीखाली ठेवलीय. ती म्हणते, "मला जमेल का गं असं बसायला?"

मागच्या वर्षीची यादी मागितली होती. ताई म्हणाल्या, झालेल्या शिबिराची ओझी पुढच्यावर कशाला. मला ते पटलं.

गुडघा दुखतोच, पण ती सांगत नाही.

तुझी,
पदवीधर

---

२० ऑक्टोबर

चि. पदवीधर,

पत्रकातून ती गोष्ट काढ. उरलेली पत्रकं वाटू नकोस. कारण विचारू नकोस.

वहिनीला नेऊ नकोस. तिचा गुडघा दुखतो म्हणजे ती ओळीत शेवटी राहणार. आणि ती जन्मात कुणाला हाक मारणार नाही. तू तिसरीत होतीस तेव्हा यंत्राची सुई तिच्या बोटातून आरपार गेली होती. तिनं दुसऱ्या हातानं यंत्र थांबवलं आणि सुट्टीची घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली, कारण मालाची गाडी दारात उभी होती. शेजारच्या बाईला कळलं ते कापडावरचं रक्त बघून. हे तुला माहीत नसेल. तुला सांगितलं होतं की दारात बोट चेमटलं.

अशा बाईला तुम्ही अजून गप्प बसायला शिकवणार?

आत्या

---

२ नोव्हेंबर

आत्या,

मला हे पत्र लिहायला लाज वाटते आहे, पण लिहिते.

सोमवारी केंद्राच्या पत्त्यावर एक निनावी चिठ्ठी आली. "मौनाचा नियम काढा. मागच्या वर्षी काय झालं ते आम्हाला माहीत आहे. नाहीतर जंगलखात्याला कळवू." ताईंनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि माझ्याकडे दिली. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "शिट्टीकाका असतील. बिचारे." मलाही तेच वाटलं. मग मी कागद उलटा केला. मागे तापाचा तक्ता होता. खाटेचा नंबर, सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळे रकाने रिकामे.

अक्षर तुझं नाही, पण कागद तुझा आहे.

मी ताईंना काही बोलले नाही. चिठ्ठी घरी आणली आणि तुझी सगळी पत्रं काढून बसले. तू मला ओढ्यापाशीच्या सपाट काळ्या दगडाबद्दल विचारलं होतंस. मी तर तोवर ओढ्याचं नावही काढलं नव्हतं. तो दगड मी स्वतः पहिल्यांदा पाहिला तो गेल्या आठवड्यात, ट्रेनरबरोबर वाट बघायला गेले तेव्हा. म्हणजे तुला कुणीतरी सगळं पुरवतंय. शिट्टीकाकांना तू कशी ओळखतेस? तुमच्या दोघांचं किती दिवस चाललंय हे?

मला एकच कळत नाही, का? या घरात पहिल्यांदा कुणीतरी खुर्चीवर बसून काम करतंय. पहिल्यांदा आईला कुणी काही फुकट देतंय, आणि तेही उपकार म्हणून नाही, मानानं. त्यात तुला नेमकं काय खुपतं? बाबा नेहमी म्हणतात, तुझ्या आत्याला कुणाचं चांगलं बघवत नाही. मी दरवेळी तुझ्या बाजूनं भांडले. लहानपणापासून. घरात तुझ्या जिभेला सगळे टरकतात, मी एकटीच म्हणायचे, निदान ती तोंडावर तरी बोलते. आणि तू निनावी चिठ्ठी लिहिलीस!

आई जाणार आहे. तिनं बूट घेतलेत. आयुष्यातले पहिले नाडीचे बूट. रोज संध्याकाळी घालून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारते. ते बूट मी तिच्या पायातून काढायला लावणार नाही.

तुझी भाची

---

१६ नोव्हेंबर

चि. पदवीधर,

चौदा दिवस कागद समोर घेऊन बसले. तीन तक्ते फाडले.

ती बाई मीच. नऊ तासवाली.

मागच्या वर्षी तुमच्या केंद्रानं दवाखान्यातल्या आम्हा सहा जणींना फुकट नेलं होतं. घरी मी सांगितलं की ट्रेनिंगला चालले. का, तर मी पाच दिवस गप्प बसणार म्हटलं असतं तर दादा आठवडाभर हसला असता. मला वाटलं, जमलं तर येऊन सांगू. पहिल्या दिवशी ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या आत खूप शांतता आहे." अगं, मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, खरंच असेल. कुणी बघितलंच नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी त्या काळ्या दगडावरून घसरले. घोटा मुरगळला, पाय टेकवेना. मी ओळीत शेवटची, माझ्या पुढची बाई वीस पावलं पुढे, मागे बघायचं नाही असं शिकवलेलं. ती वळणाआड गेली. मी तोंड उघडलं. आणि मनात आलं, अठरा माणसांचे तीन दिवस माझ्या एका घोट्यापायी मोडायचे? म्हटलं, जरा बसू, उतरेल दुखणं.

दुपारी ते सगळे वरच्या वाटेनं परतले. पानांमधून मला त्यांच्या टोप्या दिसत होत्या. चाळीस पावलांवर. मी मोजल्या, अठरा. एक हाक पुरली असती. मारली नाही. आता नियमही डोक्यात नव्हता. आता लाज वाटत होती, की तीन तास का नाही मारली म्हणून विचारतील. जितका उशीर होत गेला तितकी हाक जड होत गेली. पाणी हाताशी होतं म्हणून निभावलं. अंगावर मुंग्या चढल्या त्या झटकत बसले.

आणि हे ऐक. मुक्कामाला पोचल्यावर अठरा जणांनी बघितलं की एक कमी आहे. बघितलं आणि कुणी बोललं नाही. सूर्य मावळायला तीन तास होते ना. शिट्टीकाका त्या दिवशी सामानाबरोबर पुढे आलेले, स्वयंपाकाच्या तंबूपाशी होते. त्यांनी बोटांवर मोजलं, ताईंना खूण केली. ताईंनी तळहात पुढे केला, थांबा. ते थांबले नाहीत. पण शिट्टी आधीच काढून घेतलेली. एकटे आले, हाका मारत. मी त्यांची हाक ऐकली आणि तरीही 'ओ' दिली नाही. गळ्यातून निघालीच नाही. त्यांनी मला झुडपांत काठी फिरवता फिरवता शोधलं. नंतर पाठीवर घेऊन येताना ते मला शिव्या देत होते आणि रडत होते. तिथली ओळख. बाकी आमचं काही 'चाललेलं' नाही, पदवीधरबाई.

रात्री शेकोटीपाशी ताईंनी सगळ्यांना सांगितलं की मी स्वतःहून बसले. टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी आजवर कधी टाळ्या वाजल्या नव्हत्या. मी मान खाली घातली. लोकांना तो नम्रपणा वाटला. मी खोटं बोलले नाही. मी काहीच बोलले नाही.

तीस वर्षं मी पेशंटला सांगत आलेय, दुखलं की घंटा वाजवा, लाजू नका, त्यासाठीच मी आहे.

तू तिथे नोकरीला लागलीस तेव्हा घरात सगळे इतके खुशीत होते, माझ्या तोंडून शब्द निघेना. मग तुझं पत्रक आलं. चिठ्ठी मी नव्या नर्सकडून लिहून घेतली. भ्याडपणा केला, कबूल.

हे वहिनीला सांगू नकोस. तुला शपथ नाही घालत. विनंती करते.

आत्या

---

२१ नोव्हेंबर

आत्या,

आधी क्षमा. पुढचं लिहिता यावं म्हणून इतकंच लिहिते, मनात यापेक्षा खूप जास्त आहे.

काल मी ताईंच्या खोलीत गेले. त्या चटया मोजत होत्या. मी म्हटलं, "ती बाई बसली नव्हती. तिचा पाय मुरगळला होता." मला वाटलं होतं त्या चिडतील, नाकारतील. त्यांनी हातातली चटई गुंडाळून ठेवली आणि म्हणाल्या, "लंगडत होत्या, ते दिसलं होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर उत्तर आलं असतं."

मग त्या समजावण्याच्या सुरात म्हणाल्या की त्या रात्री सगळे घाबरले होते, दोघी घरी जायच्या गोष्टी करत होत्या, शिबिर मोडलं असतं. "मी त्यांना अपघात सांगितला असता तर भीती घेऊन गेले असते. गोष्ट सांगितली, तर काहीतरी घेऊन गेले. तुम्हीच ती किती सुंदर लिहिलीत." हे शेवटचं वाक्य त्या वाईट हेतूनं बोलल्या नाहीत. म्हणूनच जास्त लागलं. पुढे म्हणाल्या, "कागदावरचं ते वाक्य मात्र मी त्यानंतर घातलं, हे खरं आहे."

मी म्हटलं, गोष्ट काढा आणि नियमही काढा. गोष्ट काढायला त्या तयार आहेत. नियम नाही. "नियम हेच शिबिर आहे. तो काढला तर नुसती सहल." मी म्हटलं, मग मी कारखान्यात जाऊन बायकांना सांगणार. त्या म्हणाल्या, "सांगा. पण काय सांगाल? एका बाईला असं झालं. कोण बाई? नाव सांगता येत नाही. त्या चिठ्ठीत आणि तुमच्यात मग फरक काय?"

त्या बरोबर बोलल्या. मी आईला आडून विचारून बघितलं. म्हटलं, समज त्या बाईला बसायचं नसेल, पाय मोडला असेल तर? आई म्हणाली, "तरी बसली ना? मग तर मोठीच म्हणायची." असं आहे. तुझं नाव नसेल तर ते सगळं मोठेपणाच्या खात्यात जमा होतं.

अकरा जणींनी सह्या केल्यात. आईची कालच झाली. ओळीत सगळ्यात शेवटी चालायला तिनं स्वतःहून मागितलं, दुसऱ्या कुणाला तिच्या गुडघ्यासाठी थांबावं लागू नये म्हणून. पाच डिसेंबरला सकाळी गाडी सुटते.

मी तुझा शब्द मोडणार नाही. पण तूच सांग, मी काय करू?

तुझी,
पदवीधर

---

२५ नोव्हेंबर

वहिनी,

मी तुला पत्र लिहीत नाही, लिहिते ते तुझ्या मुलीला. म्हणून तू घाबरली असशील. सगळे बरे आहेत. तुला वाचायला वेळ लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

तुझ्या उशीखाली एक पत्रक आहे. त्यात एक बाई आहे, ओढ्याकाठी नऊ तास बसलेली. ती मी आहे. मी तिथे साधना करत नव्हते. माझा पाय मुरगळला होता आणि मला हाक मारायची लाज वाटली. मला तहान लागली होती, लघवीला लागली होती, मी तशीच बसले. चाळीस पावलांवरून माणसं गेली. मी मोठी नाही. मी मूर्खपणा केला, आणि वर टाळ्या घेतल्या.

तू म्हणशील, वन्सं आणि गप्प? दादा तर खुर्चीतून पडेल. पडू दे. हसलात तरी चालेल.

तुझ्या बोटात सुई गेली होती तेव्हा मीच तुला दवाखान्यात घेऊन बसले होते. तू तेव्हा काय म्हणालीस आठवतं? "वन्सं, ओरडले असते तर ओळ थांबली असती." मी तुला मनातून वेडी म्हटलं होतं. आता नाही म्हणत.

हे पत्र जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणींना वाचून दाखव. मुलीला वाचायला देऊ नकोस, तू वाच. अडलीस तर अडलीस. पत्र कुणाचं म्हणून विचारलं तर सांग, माझ्या सख्ख्या नणंदेचं, आणि नाव सांग. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुझी नणंद

---

३० नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार. चुकलं तर समजून घ्या.

पत्र वाचलं. दोन सुट्ट्या लागल्या. पहिल्या सुट्टीत तुम्ही घसरता तिथपर्यंत झालं आणि घंटा वाजली. मग दुपारभर सगळ्या जणी यंत्राच्या आवाजात मला ओरडून विचारत होत्या, पुढे काय झालं, चार नंबर, पुढे काय झालं. सुपरवायझर म्हणाला, आज काय जत्रा आहे का.

सगळं वाचून झाल्यावर सात नंबर म्हणाली, मला तर एका कानानं ऐकू येत नाही, मी मागे राहिले तर मला कळणारही नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

आम्ही बारा जणी केंद्रावर गेलो. कोण बोलणार ते ठरलं नव्हतं. ताई बाहेर आल्या, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाई, आम्हाला यायचंय. गप्पही बसू. पण पाय मोडला तर आम्ही ओरडणार, आणि ओरडल्यावर तुम्ही थांबायचं. तेवढं कागदावर लिहा." ताई म्हणाल्या, "मग ते मौन शिबिर राहणार नाही." मी म्हटलं, "नाही राहिलं तर नाही." वन्सं, आवाज एवढा मोठा निघाला की रस्त्यावरचा माणूस थांबला.

त्यांनी लिहिलं नाही. म्हणजे आम्ही जात नाही. बूट मी कारखान्यात घालून जाते, चांगले आहेत.

तुमच्या भाचीला त्यांनी काढलं नाही. तीच ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून आली. उरलेली पत्रकं घरी आणलीत, दोनशे चाळीस, आणि त्या गठ्ठ्याशेजारी बसून असते. तिला वाटतं तिनं तुमचं दुखणं सजवून लोकांना वाटलं. मी म्हटलं, अगं, तुला काय माहीत होतं. ती मान हलवते. जेवते, झोपते, पण दोन दिवस झाले, बोलत नाही. हे म्हणतात, आपोआप बोलेल. मला ते बरोबर वाटत नाही.

तुम्ही तिला पत्र लिहाल. लिहू नका. रजा टाका आणि या.

तुमची,
वहिनी